प्रेमात पडण्याआधी फाईल उघडा

पोरगी आवडली म्हणून लगेच बोलायला धावू नका. आधी स्टेशनरीच्या दुकानात जा. दोन जाड वह्या, एक फाईल आणि बरंसं शाईपेन घ्या. प्रेम ही तोंडी परीक्षा आहे. तयारीशिवाय बसतात ते नापास होतात.

गुरू म्हणून चार्ल्स हायवेला धरा. इंग्रज लेखक मार्टिन एमिसच्या १९७३ सालच्या पहिल्याच कादंबरीचा, ‘द रेचल पेपर्स’चा हा नायक, पोरींच्या लेखी नोंदी ठेवणारा. वय १९, छातीत खोकला, तोंडावर पुटकुळ्या, ऑक्सफर्डची प्रवेशपरीक्षा डोक्यावर. लंडनमध्ये त्याला रेचल भेटते. तिला डीफॉरेस्ट नावाचा अमेरिकन मित्र आहे, पण ही अडचण किरकोळ. त्याच्याही नावाने एक पान काढता येतं.

ती खोलीवर येणार असेल, तर पुस्तकं आणि रेकॉर्डी सहज पडल्यासारख्या मांडा. सहजपणाला निदान तासभर लागतो. कोणतं पुस्तक उघडं आणि कोणतं पालथं, हे शेवटच्या मिनिटावर सोडू नका.

वडिलांचा राग येत असेल तर भांडू नका. चार्ल्ससारखं त्यांना पत्र लिहायला घ्या आणि लिहीतच राहा. (खुद्द एमिसचे वडील किंग्जली हेही कादंबरीकार. बापलेक दोघांनाही पहिल्या कादंबरीसाठी सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला. घराण्यांविषयी बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून पुढे जाऊ.)

खरा धोका यशाचा. रेचल चक्क त्याच्याकडे राहायला येते. मग कळतं की ती थापा मारते, तिलाही शरीर आहे, तिच्याही चड्डीला डाग पडतो. नोंदींत हे कुठेच नव्हतं! अशा वेळी डगमगू नका, चूक तिचीच. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की पेपर काढणाऱ्याच्या नावाने शंख करायचा, हा परीक्षार्थींचा जुना हक्क आहे.

कुणी पकडेल ही भीतीही नको. ऑक्सफर्डच्या मुलाखतीत प्राध्यापक चार्ल्सला चांगलाच झापतो, की साहित्य तू आपल्या सोयीपुरतं वापरतोस. आणि प्रवेश देतो.

उरला निरोप. तोही लेखीच द्या, म्हणजे मसुदा नीट करता येतो. ती जाब विचारायला आलीच, तर येऊ द्या. ती गेली की पेनात शाई भरून घ्या.