आर्किमिडीजच्या नावावर दगडांचा ढीग

फिश टँक हौशींमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: पाण्यात दगडाला वजन राहत नाही, हे आर्किमिडीजने सिद्ध केलंय, म्हणून काचेवर भार येतच नाही. खाली जाड वाळू अंथरा, ती गादीचं काम करते, वर हवे तेवढे दगड रचा. चिकटवायची गरज नाही. त्याआधी दगड ओव्हनमध्ये भाजा नाहीतर उकळा. व्हिनेगर टाकून फेस आला नाही तर दगड सुरक्षित.

माझ्या भाच्याने मला हा पाठवला तोवर स्वारी दगड धुवून तयार होती. वर मलाच ऐकवतो, "मावशी, सायन्स आहे हे." ठीक आहे, सायन्सच बघू.

बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं बल दगडाला वर ढकलतं, एवढंच आर्किमिडीज सांगतो. वजन नाहीसं होतं असं तो कुठेही म्हणत नाही. ग्रॅनाइट पाण्याच्या साधारण २.७ पट घन असतो. म्हणजे १० किलोचा दगड ३.७ लिटर पाणी सारतो आणि तळावर ६.३ किलोने बसतो. एक तृतीयांशाहून थोडं जास्त वजन कमी झालं, हे मान्य. पण ते गेलं कुठे? पाणी दगडाला वर ढकलतं तेव्हा दगडही पाण्याला तेवढंच खाली ढकलतो, आणि ते पाणी त्याच काचेवर उभं आहे. पटत नसेल तर अर्धी बादली पाणी वजनकाट्यावर ठेवा आणि दगड दोरीने धरून पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा तरीही वर चढतो. दोरी सोडली की दगडाचं पूर्ण वजन काट्यावर दिसतं. टाकी आपण ठरावीक रेघेपर्यंतच भरतो, म्हणून ३.७ लिटर पाणी कमी मावतं आणि एकूण भार ६.३ किलोनेच वाढतो. तेवढीच काय ती सवलत. स्टँडचा हिशेब करताना ती धरा, पण शून्य धरू नका.

खरा घोटाळा पुढे आहे. काच एकूण वजनापेक्षा एका जागी एकवटलेल्या भाराने तडकते. ४५ सेंटीमीटर पाणी तळाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ४५ ग्रॅम भार टाकतं, सगळीकडे सारखा. आपला दगड मात्र तीन उंचवट्यांवर टेकतो. प्रत्येक उंचवटा चौरस सेंटीमीटरभर टेकला असं उदार मनाने धरलं, तरी तिथे दोन किलोंहून जास्त होतात. खाली टोकदार खडा अडकला असेल तर विचारूच नका. शिवाय पाणी बदलताना पातळी उतरली की दगडाचं वजन परत येतं, आणि नेमका तेव्हाच आपला हात आत असतो.

आता वाळूची गादी. सिक्लिड गटातले मासे पाळणाऱ्याला हे वाक्य वाचून हसू येईल. मलावी सरोवरातले सिक्लिड असोत, ऑस्कर असो की फ्लॉवरहॉर्न, तोंडात वाळू भरायची आणि लांब जाऊन थुंकायची हा त्यांचा रोजचा उद्योग. अंडी घालायच्या दिवसांत तर विचारायलाच नको. दगडाखालची वाळू एका बाजूने पोखरली जाते, दगड कलतो, त्याच्यावरचा घसरतो आणि बाजूच्या काचेवर नाहीतर माशावर जातो. म्हणून क्रम उलटा हवा. काचेवर पातळ अ‍ॅक्रिलिकचा किंवा दाट फोमचा तुकडा, त्यावर सपाट बाजू खाली करून मोठे दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी, भोवतीने. प्रत्येक दगड चारही बाजूंनी बोटाने दाबून बघा. "टक्" वाजला तर फिरवून बसवा. मासे न खणणारे असतील आणि दगड मुठीएवढे, तर वाळूवर ठेवल्याने आभाळ कोसळत नाही, हे कबूल करते.

चिकटवायचं की नाही? एकावर एक रचत असाल तर चिकटवा. बुरशीनाशक नसलेलं अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन घ्या, बाथरूमचं नको. दगड कोरडा हवा, आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका.

भाजा-उकळा या सल्ल्यावर मात्र डोकंच फिरतं. दगडाच्या भेगांत पाणी असतं. तापलं की त्याची वाफ होते, आणि वाट मिळाली नाही तर दगड फुटून कपच्या उडतात. समुद्री टाकीतला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीव चिकटलेला दगड, उकळणं तर याहून भयंकर. त्यावरच्या झोअँथिड नावाच्या प्रवाळासारख्या जीवांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. 'प्लॉस वन' या संशोधनपत्रिकेतल्या २०११च्या निबंधात अशा एकाचा उल्लेख आहे: घरच्या टाकीतले झोअँथिड उकळत्या पाण्याने मारायला गेला आणि त्याला श्वसनाचा गंभीर त्रास झाला. टाकीतले झोअँथिड तपासले तर त्यांत हे विष भरपूर निघालं. गोड्या पाण्यातल्या टाकीसाठी दगड ताठ ब्रशने घासा, धुवा, वाळवा. पुरे.

व्हिनेगरचं अर्धं बरोबर आहे. फेस आला तर दगडात चुना आहे, पाणी जड (हार्ड) होणार. मलावीच्या माशांना ते चालतंच. पण व्हिनेगर सौम्य असतं, डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडावर ते जवळजवळ गप्प बसतं. धातूंबद्दल तर ते काहीच सांगत नाही, त्यामुळे गंजासारखे डाग किंवा चमकत्या रेषा असलेला दगड घेऊच नका.

मेसेज वाचून ढीग आधीच रचला असेल तर पाणी काढायच्या आधी वरचे दगड उचला, खालचे नंतर. आणि हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढा. तो बहुधा काचेचा असतो, त्यावर दगड पडून फुटला तर पाण्यात करंट उतरू शकतो.