भाकरी सोडण्याआधी तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत माझं वजन ७४ वरून ७० किलोवर आलं. चार किलोचं काय एवढं, असं म्हणाल. पण हे चार किलो वर्षानुवर्षं मुक्कामाला होते, काही केल्या हलत नव्हते. आता गेले, तर दुकानात येणारा जो तो विचारतो, "काय भो, बिमार शे का?" आपल्याकडे चाळिशीतला माणूस बारीक झाला की त्याला शुगर निघालेली असते, नाहीतर त्याच्या डोक्यावर कर्ज झालेलं असतं. तिसरं कारण लोकांना पटत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला: भाकरी बंद केली का?

नाही केली. आणि माझा राग इथेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा प्रत्येक डाएट प्लॅन पहिला घाव भाकरीवर घालतो आणि ओट्स, किनोआ खायला सांगतो. अमळनेरच्या माणसाने कळण्याची भाकरी टाकून किनोआ कशाला शोधत फिरायचं? ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. धान्य आणि डाळ एकाच घासात, सालामुळे चोथाही भरपूर. दीड भाकरी खाल्ली की संध्याकाळपर्यंत कशाची आठवण होत नाही.

गडबड भाकरीच्या सोबत्यांची आहे. शेवभाजी घ्या. बेसनाची शेव तेलात तळायची, ती पुन्हा तर्रीत सोडायची आणि वर बोटभर तेल दिसलं नाही तर हॉटेलवाल्याला नावं ठेवायची. बट्टी आधी उकडायची, मग तळायची, मग फोडून तिच्यावर तूप. भरताचं वांगं बिचारं काड्यांवर तेलाचा थेंबही न घेता भाजून निघतं, पण पुढे फोडणीत सगळी कसर भरून निघते. आणि शेतातल्या भरीत पार्टीला भाकरीच्या जोडीला पुऱ्या असतातच.

मी उपाशी राहिलो नाही. तेलाच्या नव्या डब्यावर मार्करने तारीख लिहिली, एवढंच केलं. तुम्हीही करा, कारण हा हिशेब डोळे उघडतो. १५ किलोचा डबा, घरात माणसं चार. डबा दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी रोज साधारण ६२ ग्रॅम तेल पोटात जातं. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे साडेपाचशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या. ते कुणाच्या ताटात दिसत नाही. तोच डबा तीन महिने पुरवला तर माणशी ४२ ग्रॅमच्या आत येतं. रोजच्या १८०-१९० कॅलरी वाचल्या. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. भागाकार तुम्हीच करा.

बायको म्हणाली, "फोडणी मी घालते, हिशेब तुम्ही करता, वा!" बरोबर आहे तिचं. पण युक्ती तिचीच: पळीने तेल ओतायचं बंद, चमच्याने मोजून. कांदा-खोबरं कोरडंच भाजायचं, वाटण परतताना कढईला लागायला लागलं की तेलाऐवजी पाण्याचा हबका. काळ्या मसाल्याचा झणका तोच राहतो. तर्रीचा तवंग मात्र पातळ होतो, हे मान्य. पहिले काही दिवस पोरांनी तोंडं वाकडी केली, नंतर कुणी काही बोललं नाही.

दुसरी गोष्ट चहा. माझं कृषी केंद्र आहे. बी-बियाण्याच्या हंगामात येणाऱ्या प्रत्येकासाठी चहा सांगावा लागतो, आणि त्याला एकट्याला कसा पिऊ देणार? अर्ध्या कपातही चमचाभर साखर असतेच, म्हणजे ४-५ ग्रॅम. असे आठ-नऊ झाले की ४० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. आता माझ्यासाठी बिनसाखरेचा येतो. चव? वाईटच आहे, खोटं कशाला बोलू.

(शुगरच्या गोळ्या चालू असतील तर खाण्यात फेरफार करण्याआधी डॉक्टरांशी बोला. माझं बघून काही करू नका.)

शेवटचे किलो चिवट असतात त्यालाही कारण आहे. अंग हलकं झालं की त्याची रोजची गरजही कमी होते, त्यामुळे सुरुवातीला जी काटकसर पुरते ती पुढे तोकडी पडते. आणि काट्यावर रोज चढू नका. लग्नाची पंगत जेवून आलात की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दाखवतो. एका जेवणात ७७०० जादा कॅलरी कुणाच्या पोटात जात नाहीत. ते मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस मी खाणार आहे, वाटीही मोजणार नाही. तोवर तुमच्या घरी १५ किलोचा डबा किती दिवस जातो आणि खाणारी तोंडं किती, ते खाली लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबारपैकी कोण पुढे आहे ते तरी कळू द्या.