रस्ता रुंद झाला म्हणून संत्री वाचणार नाहीत

बांगलादेश सीमेवरच्या पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलकडे जाणारा रस्ता रुंद केला की ट्रकांची रांग संपेल, हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. नागपूरच्या कळमना बाजारातून आम्ही आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या सुरुवातीला तयार होणारी) संत्री बांगलादेशला पाठवायचो. वेळ रस्त्यात नाही, सीमेवर जातो. आपला ट्रक सीमेपलीकडच्या बेनापोलच्या यार्डापर्यंतच. तिथे क्रेट उतरवायचे, तिकडच्या ट्रकात भरायचे. एकदा गाडी चार दिवस अडकली. खालच्या क्रेटमधली फळं बोट लावताच दबत होती, देठाशी हिरवी बुरशी.

बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा एकमेकांच्या गाड्या सीमेपलीकडे जाऊ देण्याचा मोटार वाहन करार 2015 चा, तरी आपला मालट्रक थेट ढाक्याला जाणं अजून नेहमीचं झालेलं नाही. निदान नाशवंत मालाला वेगळी रांग आणि उतरवायला सावली तरी द्या!