भीती यंत्राची की शेजाऱ्याची?

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याच्या रेल्वेचित्रांत वेगाची आणि यंत्राची भीती दिसते, हे त्या चित्रांवरील लेखातील विधान मला पटले नाही. ‘ल शारिवारी’ या फ्रेंच व्यंगपत्रात छापून आलेल्या त्याच्या शिलाछापांत (दगडावरून छापलेल्या चित्रांत) माझी नजर खिळते ती गुडघ्याला गुडघा भिडवून, एकमेकांची नजर चुकवत बसलेल्या अनोळखी माणसांवर.

त्या काळच्या डब्यांना आतून जोडणारी वाट नव्हती आणि दारे थेट बाहेर उघडत, त्यामुळे पुढच्या स्थानकापर्यंत सहप्रवाशापासून सुटका नसे. डिसेंबर १८६० मध्ये फ्रेंच न्यायाधीश प्वँसो यांचा पहिल्या वर्गाच्या अशाच बंद कप्प्यात खून झाला, याचा लेखात उल्लेख हवा होता. रात्रीच्या गाडीत एका अबोल अनोळखी गृहस्थासमोर एकटीने प्रवास करताना तो अवघडलेपणा मी स्वतः अनुभवला आहे.