पायरी चढता येत नसेल तर

गुडघ्यांनी राम म्हटलाय आणि साताऱ्याहून गावाकडं जायचंय? काळजी नको, सरकार तुमच्या पाठीशी आहे. पाठीशीच, पायाशी नाही. पंचाहत्तरी गाठली असेल तर 2022 सालापासून सरकारी बसचा प्रवास फुकट. दिव्यांग असाल तर तिकिटात 75 टक्के सवलत. तुम्ही फक्त आत पोचायचं. पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच आहे, आणि सवलत तिच्या पलीकडं सुरू होते.

तेव्हा सराव करा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहून सपाट रस्ता मागायचा, हे शोभत नाही.

स्टँडवर गेलात की रॅम्प शोधा. नियमानं उतार एकास बारा, म्हणजे दीड फूट चढायला 18 फूट लांबी. एवढी जागा अडवली तर वडापावची गाडी कुठं लावायची? म्हणून मी एके ठिकाणी बघितलेला रॅम्प चार फुटांत उरकलेला होता. वरच्या टोकाला मोटरसायकल, खालच्या टोकाला गटाराची जाळी. पोरं मात्र खूश होती, घसरगुंडी झाली होती त्यांची. दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा, नियम 2017 चे, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला मुदत पाच वर्षं. हिशेब तुम्हीच करा, बसायला बाकडं मिळालं तर.

गाडी फलाटाला लागेल या भ्रमात राहू नका. ती चार हात लांब थांबते आणि गर्दी पळत सुटते. तुम्ही पळू नका. राखीव जागेवर कुणीतरी धडधाकट बसायच्या आत खिडकीतून रुमाल टाका. रुमाल उडतो असा अनुभव असेल तर काठी टाका.

गेल्या दिवाळीत आत्यासाठी मी तेच केलं. काठी आत सरकवली, जागा धरली. आत्या दारात दांडी धरून उभी, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. मागून ढकलू की वर चढून ओढू, मला ठरेना. कंडक्टर भला माणूस, "आवरा आज्जी, सावकाश" असं एका दमात दोन्ही म्हणाला. गाडीनं जरा हिसका दिला, तिनं पाय खाली घेतला. ती उतरली असं वाटून आतून कुणीतरी डबल बेल मारली.

आम्ही मागून वडापनं, म्हणजे शेअर जीपनं गेलो. ड्रायव्हरनं सवलत दिली नाही, पण खाली उतरून पाट ठेवला आणि पुढची सीट दिली.

काठी दुसऱ्या दिवशी मिळाली. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून गेली होती म्हणे, राखीव जागेवर.