‘विचलित’ आणि ‘विचलित करणारा’ एक नव्हे

‘लक्ष विचलित करणारा’ याचे समानार्थी म्हणून ‘विचलित, व्यग्र, विक्षिप्त, व्यत्यास आणणारा’ अशी यादी फिरते आहे. ती चुकीची आहे. ‘विचलित’ हे धातुसाधित विशेषण (क्रियापदापासून बनलेले), अर्थ ‘ढळलेला’. ढळते ते मन, आवाज नव्हे. म्हणून ‘विचलित आवाज’ चूक, ‘विचलित करणारा आवाज’ बरोबर. ‘व्यग्र’ माणूस असतो, तोही कामात गढलेला. ‘विक्षिप्त’ योगशास्त्रात चित्ताची अवस्था, रोजच्या मराठीत तऱ्हेवाईक. ‘व्यत्यास’ तर भूमितीतला: प्रमेयाचा व्यत्यास! अडथळ्यासाठी शब्द ‘व्यत्यय’.

मग लिहायचे काय? अभ्यासात शेजारचा टीव्ही ‘व्यत्यय आणणारा’, जाहिरातीचे लुकलुकते दिवे ‘लक्ष विचलित करणारे’, सतत वाजणारा फोन ‘एकाग्रता मोडणारा’. ‘त्रासदायक’ चालतो, पण फार ढोबळ. दाढदुखीही त्रासदायकच असते.