१.७ सेकंदांत कोण मेलं, कोण वाचलं

गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा, विषय निघाला की हा मजकूर हमखास फिरतो: ‘२०१७ मध्ये गुरुत्वीय लहर आणि प्रकाश एकाच क्षणी पोहोचले. त्यामुळे आइन्स्टाइनला पर्याय म्हणून मांडलेले सगळे सिद्धांत बाद झाले आणि डार्क मॅटर सिद्ध झालं.’ तीन दावे, तिन्ही घसरलेले.

‘एकाच क्षणी’? नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला लायगो-व्हर्गो या लहरी टिपणाऱ्या यंत्रणांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (अतिघन मृत ताऱ्यांच्या) टकरीतली लहर टिपली. फर्मी उपग्रहाला गॅमा किरण (प्रकाशाचाच अतिऊर्जावान प्रकार) दिसले ते १.७ सेकंद उशिरा. गंमत म्हणजे निकालाची खरी ताकद याच उशिरात आहे. टक्कर झाली एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. इतकी वर्षं सेकंदांत मोजली तर ४ वर १५ शून्यं. एवढ्या वाटचालीत दोन सेकंदांचंही अंतर पडलं नाही! शिवाय तो उशीर वाटेतला, की गॅमा किरण मुळात उशिराच निघाले, हे सांगता येत नाही. म्हणून हिशेब करताना अंतर मुद्दाम कमी धरलं, किरण १० सेकंदांपर्यंत उशिरा सुटले असतील अशी सूटही दिली. तरी दोन वेगांतला फरक एकावर १५ शून्यं इतक्या भागांत फार तर तीन भाग निघाला.

‘सगळे बाद’? ज्यांच्या समीकरणांत लहरीचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा पडत होता, तेवढेच. विश्वाचं वेगाने होणारं प्रसरण समजावण्यासाठी रचलेल्या गॅलिलिऑन या सिद्धांतकुळातले चौथ्या-पाचव्या पायरीचे (जास्त गुंतागुंतीचे) प्रकार जवळपास गेले. ब्रान्स-डिके आणि एफ(आर) हे आइन्स्टाइनला मांडलेले दुसरे पर्याय मात्र शाबूत, कारण त्यांत लहर प्रकाशाच्याच वेगाने जाते. ही परीक्षा त्यांना लागूच नव्हती.

राहिला डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारा पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारा पदार्थ. डार्क मॅटर टाळणारा भौतिकशास्त्रज्ञ बेकेनस्टाइनचा २००४ चा टेव्हेस हा सिद्धांत या मापनाने अडचणीत आला, हे खरं. त्या जातीच्या काही सिद्धांतांत प्रकाश आणि लहर यांच्या येण्यात शेकडो दिवसांचं अंतर पडायला हवं होतं. पण एक पर्याय पडला म्हणून दुसरा सिद्ध होत नाही. टेव्हेस ज्यावर उभा आहे तो मॉंड हा मूळ नियम (डार्क मॅटरऐवजी गुरुत्वाकर्षणाचाच नियम बदलणारा) लहरींच्या वेगाबद्दल काही बोलतच नाही, आणि स्कोर्डिस व झ्लोस्निक या संशोधकांनी पुढे त्याच धर्तीचा, वेगाची अट पाळणारा सिद्धांत मांडलाही.

आणखी एक. हे मापन लायगोच्या दहा-वीस ते काहीशे हर्ट्झच्या पट्ट्यातलं. विश्वाच्या प्रसरणासाठी रचलेले काही सिद्धांत नेमके याच पट्ट्याजवळ आपली वैधता गमावतात, म्हणून हे मापन त्यांच्यावर निकाल देईलच असं नाही. त्यांची खरी तपासणी मिलिहर्ट्झमध्ये ऐकणाऱ्या लिसा या नियोजित अवकाश वेधशाळेकडून होईल.